उजव्या चाकाचा आवाज

जयवंत सासने यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या दाराला कान लावून उभे होते.

हॅनोव्हरला येऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. मंदार, माझा नवरा, ऑफिसला गेला होता. मी घरूनच काम करत होते आणि बाथरूममधलं वॉशिंग मशीन कपडे पिळत गरगर फिरत होतं. दारापाशी कुणीतरी आहे असं वाटलं म्हणून उघडलं, तर समोर पन्नाशीचे एक गृहस्थ. हातात पावाची कागदी पिशवी, मान तिरकी, डोळे मिटलेले. आता हे दचकतील, सॉरी म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी उलट बोट वर करून मलाच गप्प राहायची खूण केली. मशीन थांबेपर्यंत आम्ही दोघंही तसेच उभे.

"ड्रमचं बेअरिंग," डोळे उघडून ते चक्क मराठीत म्हणाले. "मशीन घरमालकाचं आहे न्हवं? सांगून ठेवा त्याला. दिवाळी बघत न्हाई हे." मग दारावरच्या पाटीकडे मान उडवून, "पाटणकर वाचलं, म्हणून मराठीत बोललो. मी सासने. वरच्या मजल्यावर. गाव इचलकरंजी."

मशीन वसुबारसेला बंद पडलं. बंद पडताना त्यानं असा काही आवाज काढला की खालच्या मजल्यावरची आजी धावत वर आली. सासने जिन्यातून उतरत होते. ते थांबलेही नाहीत. जाता जाता फक्त "आल्झो..." म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये "तर मग...", आणि हसले.

महिन्याभरात ते आमचे जयवंतदादा झाले आणि त्यांच्या बायको सुनीतावहिनी. दादा एका बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणी विभागात होते. तिथं नवी बेअरिंगं मशीनवर चढवून दिवसरात्र फिरवतात आणि ती कधी, कशी खराब होतात ते बघतात. दादा ते ऐकायचे. इचलकरंजीहून सांगलीच्या कॉलेजात, तिथून पुण्याच्या कारखान्यात आणि पुण्याहून इथे, हा सगळा प्रवास आपण कानाच्या जोरावर केला असं ते सांगत. नोकरीच्या मुलाखतीत त्यांच्यासमोर एक फिरतं बेअरिंग ठेवलं होतं. "साहेबानं विचारलं, काय वाटतं? म्हटलं, आतल्या कडीला एका जागी टवका आहे. त्यानं खोलून बघितलं. मग पुढचे प्रश्न विचारलेच न्हाईत की."

ही गोष्ट आम्ही अनेकदा ऐकली. दर वेळी साहेबाचा चेहरा थोडा जास्त पडायचा.

ते नम्र अजिबात नव्हते. आपल्याला येतं हे त्यांना माहीत होतं आणि समोरच्यालाही ते माहीत असावं असा त्यांचा आग्रह असे. कुणाच्या घरी जेवायला बसले तर घास हातात धरून थांबत आणि म्हणत, "फ्रीजचा पंखा बघून घ्या." स्टेशनवरच्या सरकत्या जिन्यावर मध्येच मान तिरकी करत. "बेअरिंग आधी गुणगुणतं, मग कुरकुरतं, मग ओरडतं," असं त्यांचं म्हणणं. "ओरडल्यावर काय, कुणालाही ऐकू येतं. गुणगुणतं तेव्हा ऐकायला पाहिजे."

बिल्डिंगच्या मागे गॅरेजांची एक ओळ होती. त्यातलं एक दादांनी भाड्यानं घेतलं होतं, पण त्यांची स्वतःची गाडी कायम रस्त्यावर उभी. गॅरेजात जॅक, स्टँड, पुलर, लांब दांड्याचे पाने आणि भिंतीला टांगलेला एक निळा डगला. हॅनोव्हरमधल्या निम्म्या मराठी घरांच्या गाड्या तिथं येऊन गेल्या असतील. तेल बदलणं, ब्रेकचे पॅड असली कामं दादा घेत नसत. "ते कुठंही करा." त्यांना हवं असायचं चाकाचं बेअरिंग.

आमची जुनी गाडी घुमायला लागली तेव्हा मंदारला त्यांनी कारखान्यांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. मी मागे बसले होते. दादा पुढे, डोळे मिटून. "आता डावीकडं वळव. सावकाश. आता उजवीकडं." गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकावर येतो आणि उजवं बेअरिंग खराब असेल तर आवाज चढतो. उजवीकडे वळली की उलट. हे ऐकायला सोपं आहे, पण मला सगळ्या बाजूंनी एकच घूं घूं येत होती. दादांनी मात्र दुसऱ्याच वळणाला हात वर केला. "पुढचं. डावं. चला घरी."

मंदारनं इंटरनेटवर काहीतरी पाहिलं होतं. तो म्हणाला, "दादा, गाडी जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवायचं आणि दुसरा हात चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवायचा म्हणे. खराब असेल तर हाताला खरखर लागते."

दादा खो खो हसले. "लागते की. पण ते ज्यांना कान न्हाईत त्यांच्यासाठी."

त्या शनिवारी त्यांनी काम केलं ते मी पाहिलं. चाक उतरवायच्या आधी, गाडी जमिनीवर असतानाच मधला मोठा नट सैल केला. ब्रेकचा कॅलिपर काढला तो नळीवर लोंबकळत ठेवला नाही, तारेनं वर बांधला. चाक ज्यावर बसतं तो हब ओढून काढला, बेअरिंगला अडवून धरणारी रिंग चिमट्यानं काढली आणि मग जुनं बेअरिंग पुलरनं इंच इंच करत बाहेर आलं. नवं बसवताना मात्र त्यांचा सगळा नूर बदलला. बडबड थांबली. "जोर फक्त बाहेरच्या कडीवर," ते हळू आवाजात म्हणाले, "आतल्या कडीवर जोर आला की गोळ्या खड्डे पाडतात. वरनं नवं कोरं दिसतं, पण बसवतानाच मेलेलं असतं." जुना नट मंदारनं उचलून दिला तर त्यांनी तो कचऱ्यात टाकला आणि नवा लावला. शेवटी गाडी रस्त्यावर नेऊन आणली. आत शांतता. दादांनी आमच्याकडे बघितलं ते टाळ्यांची वाट पाहणाऱ्या गवयासारखं. आम्ही खरंच टाळ्या वाजवल्या.

नंतर नंतर दादा थोडे बदलले, आणि ते आम्हाला आवडेनासं झालं. हे लिहिताना वाईट वाटतं, पण तसंच होतं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते सलग बोलत राहत आणि कुणाला मध्ये बोलू देत नसत. कुणी काही विचारलं तर भलतंच उत्तर देत. विनोद झाला की इतरांचे चेहरे बघून, सगळ्यांच्या मागून हसत. फोन वाजला की न बघता वहिनींच्या हातात देत. मंदार म्हणायचा, "दादांना आता आपला आवाज सोडून दुसऱ्याचा ऐकायचाच नसतो." आम्ही त्याला अहंकार म्हणत होतो.

त्यांची मुलगी ईरा इथेच वाढलेली. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. बापलेकीचं संभाषण ऐकणं मजेचं असे. ते इचलकरंजीचं बोलत, ती हॅनोव्हरचं बोले आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. ईरा कायझर्सलाउटर्नला शिकायला गेली. दुसऱ्या वर्षी तिनं एक लहानशी जुनी गाडी घेतली आणि ती चालवत सुट्टीला घरी आली. गाडी घुमत होती. आमच्या खिडकीतून मलासुद्धा ऐकू आलं.

दादांना आनंद झाला. लेकीची गाडी, पुढच्या चाकाचं बेअरिंग, आणि हातात अख्खा आठवडा. मोकळ्या रस्त्यावर ते दोघं जाऊन आले. ईरा गाडी चालवत होती, दादा शेजारी डोळे मिटून. परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "डावं."

काम झालं. रविवारी ईरा निघाली तेव्हा मी कचरा टाकायला खाली उतरले होते. तिनं गाडी अंगणात एक फेरी फिरवून आणली, काच खाली केली आणि म्हणाली, "पापा, एस ब्रुम्ट नोख." अजून घुमतंय.

दादांनी गाडीच्या टपावर थाप मारली. "काय घुमत न्हाई. टायरचा आवाज आहे तो. नवं बेअरिंग थोडं चालल्यावर बसतं. मी बसवलंय न्हवं?"

ती हसली. "गेनाऊ," म्हणाली, अगदी बरोबर, आणि गेली. माझ्याही कानावर तो आवाज आला होता. पण दादांनी टायरचा म्हटलं म्हणजे टायरचाच असणार, असं वाटून मी कचऱ्याचं झाकण लावलं.

काही आठवड्यांनी, ईरा पुन्हा घरी येऊन परत जात असताना, दुपारी वहिनी खाली आल्या. पायांत घरातल्या सपाता तशाच. "मुग्धा, गाडी काढतेस का? ईराला लागलंय." मंदार कामासाठी म्युनिकला गेला होता. मी किल्ली घेतली. दादा आधीच गाडीपाशी उभे होते. स्वतः चालवतो म्हणाले नाहीत, याचं मला तेव्हाच आश्चर्य वाटलं. ते मागे बसले.

कासेलच्या पुढे ऑटोबानवर ईराच्या गाडीचं चाक डगमगायला लागलं होतं. तिनं ब्रेक दाबला तर पेडल खालपर्यंत गेलं. गाडी कडेच्या लोखंडी कठड्याला घासत घासत थांबली. मागून येणारा ट्रक वेळेवर बाजूच्या लेनमध्ये गेला, इतकंच नशीब. हे सगळं वहिनी फोनवरून तुटक तुटक ऐकत होत्या आणि मागे वळून मोठ्यानं दादांना सांगत होत्या. मला वाटलं, घाबरल्यामुळे ओरडतायत.

गावातल्या छोट्या हॉस्पिटलात ईरा बसलेली होती. मनगटाला प्लास्टर, गालावर खरचटलेलं. आईला बघून रडली. दादांकडे बघून म्हणाली, "पापा, ब्रेक लागत नव्हता." हे तिनं मराठीत म्हटलं. तिला मी मराठीत वाक्य बोलताना तोवर ऐकलं नव्हतं.

तिला सोडायला अजून वेळ होता. दादा म्हणाले, "गाडी बघून येतो." वहिनींनी मला डोळ्यांनी खुणावलं, तूही जा. ओढून आणलेल्या गाड्या जिथं ठेवतात ते आवार जवळच होतं. तिथला माणूस म्हातारा, जाड मिशांचा, आणि तोंडातल्या तोंडात बोलणारा. ईराच्या गाडीची उजवी बाजू सोललेली होती. त्यानं ती जॅकवर घेतली होती. उजव्या चाकाला हात लावून त्यानं हलवलं. चाक पडायला आलेल्या दातासारखं हललं.

तो काहीतरी पुटपुटला.

"वी बिटे?" दादा म्हणाले. काय म्हणालात?

तो पुन्हा पुटपुटला.

"वी बिटे?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. दादांनीही माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला काहीच ऐकू येत नाहीये. म्हाताऱ्याच्या मिशीआडून ओठ दिसत नव्हते, म्हणून दादांना त्याचा एक शब्दही समजत नव्हता.

"दादा, तो म्हणतोय, उजवीकडचं बेअरिंग पूर्ण गेलंय. चाक डगमगलं, म्हणून ब्रेकही लागला नाही."

"काय?"

"उजवीकडचं गेलंय!" मी ओरडले. आवारात इतर दोघं तिघं आपापल्या गाड्यांची वाट बघत उभे होते. ते वळून बघायला लागले. म्हातारा दुसऱ्या बाजूला गेला, डाव्या चाकात डोकावला आणि पुन्हा बोलला. मला ते सांगायचं नव्हतं. पण दादा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"तो म्हणतोय, डावीकडचं नवीन कोरं आहे. नुकतंच बसवलेलं." मला घसा ताणावा लागत होता. "म्हणतोय, कुणीतरी चुकीच्या बाजूचं बदललंय. विचारतोय, कुणी केलं हे काम?"

एखाद्या माणसाची लाज त्याच्याच कानात ओरडून सांगायची वेळ माझ्यावर आली. तशी वेळ पुन्हा कुणावर येऊ नये. दादा सावकाश वळले. मिशीवाल्यासमोर जाऊन ताठ उभे राहिले, शाळेत नाव पुकारल्यावर मुलं राहतात तसे.

"इश," ते म्हणाले. "दास वार इश." मी. ते मीच केलं.

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग गाडीकडे. जॅक खाली घेतला आणि आत निघून गेला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं दादा नंतर कधीतरी म्हणाले.

परतताना ईरा आणि वहिनी मागे झोपल्या. दादा माझ्या शेजारी. खिडकीबाहेर बघत ते स्वतःशी बोलल्यासारखे बोलायला लागले. आपला आवाज केवढा मोठा आहे हे त्यांना कळत नसावं, कारण मागे वहिनी जागी झाल्याचं मला आरशात दिसलं.

"माझी आई मागावर होती. इचलकरंजीत घराघरात माग. खटाक खटाक दिवसभर. आमचं घर म्हणजे मागाच्या शेडची मागची भिंत. आई चाळिशीतच बहिरी झाली. मला शाळेत डबा द्यायला यायची, तर पोरं तिला मुद्दाम हळू आवाजात काय काय विचारायची. ती आपली हसायची, मान डोलवायची. एकदा मी त्यांना सांगितलं, ही माझी आई न्हाई, शेजारीण आहे. तिला ऐकू गेलं नसणार. पण ती तोंड वाचायची की गा. मला ते फार मागनं कळलं."

मी बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. माझे डोळे रस्त्यावर आणि तोंड पुढे.

"मला उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होऊन चार पाच वर्षं झाली," ते म्हणाले. "मग बाकीचे गेले. सुनीताला म्हाईत आहे. तिला शपथ घातलेली."

मागच्या सीटवर वहिनींनी पदराशी खेळावं तसं ईराच्या शालीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि काचेकडे तोंड केलं.

दुसऱ्याच दिवशी दादा कंपनीत आपल्या साहेबासमोर गेले. आपल्याला ऐकू येत नाही, आपण इतकी वर्षं लपवलं, आता काय ती कारवाई करा, असं सांगायला. हे त्यांनी मला जिन्याच्या पायरीवर बसून सांगितलं. मी दुकानातून येत होते, ते मध्येच बसलेले, अंगात अजून कोट.

"साहेबानं कॉफी पाजली," ते म्हणाले. "म्हणाला, हेर सासने, आम्हाला म्हाईत आहे. सगळ्यांना म्हाईत होतं. सगळं माप आता मशीन घेतं. तुम्हाला बोलवायचे ते... ते आपले मानानं बोलवायचे. विभागातली पोरं आधी मशीनवर उत्तर बघून ठेवायची. मग माझ्यापुढं बेअरिंग फिरवायची. मी काही बोललो की, याऽ, याऽ, गेनाऊ. हो, हो, अगदी बरोबर." ते स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. "मी बरोबर सांगतो म्हणून मान डोलवतात असं वाटायचं मला. ती पोरं चांगली आहेत, मुग्धा. वाईट न्हाईत. म्हणून तर आता तोंड दाखवायला जागा न्हाई."

त्यांना कामावरून काढलं नाही. दुसऱ्या विभागात, कागदपत्रांच्या कामावर बसवलं. त्यांनी गॅरेजला कुलूप लावलं. ईराची गाडी ओढून आणून त्यात ठेवली होती, ती तशीच. कुणी गाडी घेऊन आलं तर वहिनी दारातूनच सांगत, "ते आता करत नाहीत." मंडळात येणं बंद झालं. जिन्यात दिसले तर भिंतीच्या बाजूनं, घाईत. आमच्या दारासमोरून जाताना तर मान खाली घालूनच जात.

मंदारनं एकदा त्यांना गाठून म्हटलं, "दादा, यात लाजण्यासारखं काय आहे? वय झालं की होतं." दादांनी नम्रपणे मान डोलवली. ते नम्र झाले होते, हेच बघवत नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर ईरा सेमिस्टरच्या सुट्टीत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचं शटर वर गेल्याचा आवाज आला. वहिनींनी मला चहा घेऊन खाली पाठवलं. "मी गेले तर ते वर निघून येतील. तू जा."

ईरानं तो निळा डगला घातला होता, बाह्या दुमडून. गाडीची उजवी बाजू जॅकवर. भंगारवाल्याकडून चाकामागचा सबंध भाग आणि दुकानातून नवं बेअरिंग तिनं मागवून घेतलं होतं. दादा शटरच्या बाहेर उभे, खिशात हात. आत पाऊल टाकत नव्हते.

"पापा," तिनं मोठ्यानं, त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, "जोर कुठल्या कडीवर? वेल्शर रिंग?"

दादा जागचे हलले नाहीत. तिनं पुलर लावला, चुकीच्या जागी. मुद्दाम लावला की खरंच चुकून, हे मला अजून ठरवता येत नाही. दादा दोन ढांगांत आत आले. "बाहेरच्या! बाहेरच्या कडीवर! मारतेस काय त्याला?"

मग ते बाहेर गेले नाहीत. पाना तिच्या हातात, नजर त्यांची. मनगट दुखलं की ती थांबायची, मग थोडा वेळ दादा फिरवायचे. मी चहाचा ट्रे टायरवर ठेवून शटरपाशी बसून राहिले. सगळं बसल्यावर ईरानं चाक हातानं फिरवलं, आणि दुसऱ्या हातानं बापाचा हात धरून स्प्रिंगवर ठेवला.

दादांनी हात तसाच राहू दिला. चाक फिरत राहिलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. डोळे मिटलेले, मान जुन्या सवयीनं तिरकी.

"शांत आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशी पण असा हात ठेवला असता तर कळलं असतं गं. उजव्यावर एकदा, डाव्यावर एकदा. एका मिनिटाचं काम. मला म्हाईत होतं. पण हात ठेवला असता तर तुला कळलं असतं की मला ऐकू येत न्हाई. म्हणून ठेवला न्हाई. अंदाजानं सांगितलं. डावं."

ईराचा हात चाकावर थांबला.

"मला लाज वाटली," ते म्हणाले.

"फोर मिअर?" ती म्हणाली. माझ्यासमोर?

"तुझ्याचसमोर. दुसऱ्या कुणासमोर वाटली नसती एवढी."

"अंदाजानं" हा शब्द तिला समजला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आपला बाप आपल्या जिवाशी अंदाजानं खेळला, हे समजायला कुठलीच भाषा आड येत नाही. मला वाटलं, आता ही पाना टाकून निघून जाईल. ती उठली, डगल्याला हात पुसले आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. मग परत आली, गुडघ्यावर बसली आणि कॅलिपरचे बोल्ट आवळायला लागली. "लिश्ट," ती म्हणाली. दादांनी दिवा उचलून तिच्या हातापाशी धरला.

ती सुट्टी संपवून गेली तेव्हा गाडी घेऊनच गेली. निघताना तिनं बापाला मिठी मारली नाही. सीटवर बसली, त्यांना समोर उभं केलं, आणि ओठ स्पष्ट हलवत सांगितलं, "कान. डॉक्टर. सोमवारी." तीनच शब्द, तिन्ही मराठी घरातले. दादांनी मान डोलवली.

डॉक्टरकडे ते गेले. यंत्र आणलं. वहिनी सांगत, ते कपाटात रुमालांच्या खाली आहे. घरात लावतात, बाहेर जाताना काढून ठेवतात. चष्मा लावलेला माणूस शिकलेला दिसतो आणि कानाला यंत्र लावलेला बिचारा दिसतो, असं ते म्हणत. वहिनी चिडायच्या, मग थकल्या.

तेवढ्यात मला फ्रँकफर्टला नोकरी लागली आणि आमची आवराआवर सुरू झाली. निघायच्या आठवड्यात मी घराच्या कागदांसाठी शहरात गेले होते. परतताना ट्राममध्ये गर्दी होती. बाहेर बारीक बर्फ पडत होतं. पुढच्या दाराजवळ, माझ्याकडे पाठ करून, दादा उभे होते. डोक्यावर लोकरीची टोपी. हाक मारावी की नाही, असं झालं. मारली आणि त्यांना ऐकू गेली नाही तर सगळे बघतील, त्यांना पुन्हा त्या आवारातल्यासारखी लाज वाटेल. तरी सवयीनं, फार मोठ्यानं नाही, मी म्हटलं, "दादा."

ते वळले.

पहिल्याच हाकेला. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि त्यांचा हात झटकन टोपीकडे गेला. दोन्ही बाजूंनी ती कानांवर ओढून घेतली. मी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. पुन्हा नजर वळवली तेव्हा त्यांचा हात अजून टोपीवरच होता. मग त्यांनी ती काढली. विस्कटलेले पांढरे केस, लालबुंद चेहरा, आणि कानामागे ते लहानसं करड्या रंगाचं यंत्र. शेजारी उभी असलेली एक शाळकरी मुलगी त्याकडे निरखून बघत होती.

"फार दिसतं का गं?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं.

"दिसतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुढचा थांबा त्यांचा होता. दार उघडलं, थंड वारा आत आला, आणि ते उतरले. टोपी हातातच होती. ट्राम सुटेपर्यंत मी बघत होते. बर्फ केसांवर घेत, चेहरा तसाच लाल, दादा माणसांच्या गर्दीतून चालत गेले, आणि भिंतीच्या कडेनं नाही गेले.